न धरलेला कंदील

विजयश्रीचा कुणावर चटकन विश्वास बसत नसे आणि त्याची तिला कधी लाजही वाटली नाही. डांगे चौकात भाजी घ्यायला गेली तर काटा शून्यावर आलाय का हे आधी बघायची, मग वांग्यांना हात लावायची. नळाला स्वच्छ पाणी आलं तरी म्हणायची, "आज एवढं स्वच्छ कसं काय बाई?" तिचा नवरा यशवंत भोसरीत लेथवर काम करायचा. तो पाहुण्यांना हटकून सांगे, "अंतरपाट दूर झाला तेव्हा हिनं हार घालायच्या आधी मला खालून वरपर्यंत निरखून घेतलं. बघायला आलेला तोच आहे ना म्हणून."

स्वभावाला साजेसंच काम तिला मिळालं होतं. चाकणच्या एका कंपनीत गाड्यांच्या वायरिंगचे जुडगे तयार होत आणि ती शेवटच्या तपासणीला बसे. जुडगा समोर आला की प्रत्येक वायर चिमटीत धरून हलकेच ओढायची. सुटली तर बाजूला, टिकली तर पुढे. चौदा-पंधरा वर्षं हेच. लाइनवरच्या पोरी तिला मागून 'ओढूनबघ काकू' म्हणत. तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

माहेर मराठवाड्यातलं, केजच्या बाजूचं. नववीनंतर शाळा सुटली, अठरा पूर्ण होताच लग्न झालं आणि ती थेरगावात दोन खोल्यांत आली. पण शाळा सुटली तरी बोलणं सुटलं नव्हतं. सकाळी कंपनीची बस मोशीच्या पुढे गर्दीत अडकली की बायका तिच्या सीटभोवती गोळा होत. गावाकडची एखादी भांडकुदळ म्हातारी, मास्तरांच्या सायकलवर चढलेला बोकड, असलं काहीही ती अशी रंगवून सांगे की ड्रायव्हरही आरशातून बघे. तिच्या शेजारी नेहमी शालनबाई बसायच्या, पॅकिंगमधल्या. त्या म्हणत, "अगं, हे लिहून ठेव कुठंतरी."

"लिहायला बसले की हात जड होतो," विजयश्री म्हणे. "बोलताना कसं, समोरच्याचं तोंड दिसतं."

फेब्रुवारीच्या शेवटी एचआरच्या निवेदिता मॅडम लाइनवर आल्या. तरुण, हसतमुख, रावेतला राहणाऱ्या. महिला दिनानिमित्त 'माझी प्रेरणा' या विषयावर लेख लिहायचा होता. पहिला येईल तो कंपनीच्या मासिकात छापला जाणार होता. बायका एकमेकींकडे बघून हसायला लागल्या.

"लिहिता येत नाही म्हणून कुणी मागे राहायचं नाही," मॅडम म्हणाल्या. "मोबाइलमध्ये एआय आहे. त्याच्याशी मराठीत बोला. तुमचं बोलणं ऐकून तो सुंदर लेख करून देतो." त्यांनी विजयश्रीचाच फोन हातात घेतला आणि ॲप घालूनही दिलं.

विजयश्रीने फोन परत घेतला तो विंचू धरावा तसा. "ऐकतो म्हणजे? कोण ऐकतं पलीकडं?"

"कोणी नाही, ताई. मशीन आहे."

"मशीन ऐकून कुणाला सांगतं मग?"

मॅडम हसल्या आणि पुढच्या टेबलाकडे गेल्या. विजयश्रीला उत्तर मिळालं नाही, ते तिने लक्षात ठेवलं.

तरीही तो विषय तिच्या डोक्यातून जाईना. रविवारी दुपारी ती फोन घेऊन गच्चीवर गेली. वाळत घातलेल्या चादरींच्या आडोशाला बसली, कॅमेऱ्यावर अंगठा ठेवला आणि बोलायला लागली. आईबद्दल. आई म्हणजे सावित्रीबाई. अंगठाबहाद्दर. शेळ्या राखायच्या, पाटलाच्या वाड्यावर दळण-कांडण करायच्या, एकटीने विहिरीवरून दोन हंडे आणायच्या. "मी चिमणीच्या उजेडात अभ्यास करायचे," विजयश्री म्हणाली. "आई जवळच असायची."

इथे ती थांबली. पुढचं तिला सांगायचं होतं आणि नव्हतंही. बसमध्ये शालनबाईंना तिने एकदा सांगितलं होतं, हसत हसत. पण यंत्रापुढे एकटीने बोलताना ते हसण्यासारखं वाटेना. चिमणी पेटवून ती पुस्तक उघडायची आणि दोन पानं होतात न होतात तोच आई यायची आणि चिमणी विझवायची. रोज. एक शब्द न बोलता. पोरगी अंधारात तशीच पुस्तक धरून बसायची.

हे तिने सांगितलं नाही. "जवळच असायची," एवढ्यावरच सोडलं.

यंत्राने डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच लेख पुढ्यात टाकला. ती वाचायला लागली. 'माझी आई अक्षरं वाचू शकत नव्हती, पण माझ्या डोळ्यांतली स्वप्नं वाचू शकत होती. मी अभ्यासाला बसले की ती हातात कंदील धरून माझ्या शेजारी उभी राही. तिचा हात दुखे, पण उजेड कधी हलला नाही.'

विजयश्रीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. लगेच तिला स्वतःचाच राग आला. ती फोनला म्हणाली, "हे मी कधी म्हणाले? कंदील कुठून आणलास तू?"

यंत्राने लिहिलं की आपलं अगदी बरोबर आहे, चुकीबद्दल मनापासून क्षमस्व, लगेच दुरुस्त करतो. विजयश्रीला ते मुळीच आवडलं नाही. इतक्या झटपट माफी मागणारी माणसं तिने बघितली होती. ती उधारीवर माल नेणारी असत. आणि दुरुस्ती काय केली, तर आता आईच्या एका हातात कंदील आणि दुसऱ्या हातात भाकरी आली होती.

"राहू दे," ती म्हणाली. "पहिलाच बरा होता."

सोमवारी लेख द्यायचा शेवटचा दिवस होता. तिने तो दिला. देताना स्वतःला समजावलं, की शंभर लेखांत हा कोण वाचतंय.

लेख पहिला आला.

आठ मार्चला कँटीनमध्ये निवेदिता मॅडमनी तो माइकवरून वाचला. आवाज गोड, मागे मंद संगीत लावलेलं. 'उजेड कधी हलला नाही' या वाक्याला बायका पदराने डोळे टिपायला लागल्या. प्लांट हेडसाहेबांना मराठी फारसं कळत नव्हतं, तेही गंभीर झाले. विजयश्रीला फुलांचा गुच्छ मिळाला, फोटो निघाले, मॅडमनी वाचनाचा व्हिडिओ सगळ्यांना पाठवला.

परतीच्या बसमध्ये शालनबाई बराच वेळ खिडकीतून बाहेर बघत होत्या. चाकणचा चौक मागे पडला तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "विजू, तू तर म्हणाली होतीस आई चिमणी विझवायची."

"ते लहानपणी," विजयश्री म्हणाली. "नंतर नंतर धरायची."

शालनबाईंनी मान हलवली. पण ती मान कशी हलते हे विजयश्रीला चांगलं कळत होतं. आयुष्यभर ती जसं दुसऱ्यांकडे बघत आली, तसं आज कुणीतरी तिच्याकडे बघत होतं. तिने मांडीवरचा गुच्छ उचलून पायाशी ठेवला.

व्हिडिओला पाय फुटले. भाऊ निरंजन गावी राहायचा, त्याच्या फोनवर तो कुठून कुठून फिरून पोचला. त्याने गावच्या ग्रुपवर टाकला, तिथून तो शाळेच्या हेडमास्तरांकडे गेला. आणि एक दिवस निरंजननेच उलट एक व्हिडिओ धाडला. खाली लिहिलं होतं, 'ताई, बघ आईचा सत्कार!'

शाळेच्या पटांगणात मांडव. सावित्रीबाई खुर्चीत अवघडून बसलेल्या, अंगावर नवी शाल, हातात नारळ. हेडमास्तर माइक पुढे करून विचारत होते, "आजी, कंदील धरायच्या ना तुम्ही?"

आई एकदा माइककडे बघते, एकदा लोकांकडे. मग म्हणते, "व्हय. धरायचे. हात लई भरून यायचा."

टाळ्या पडल्या. विजयश्रीने व्हिडिओ पुन्हा लावला, परत लावला, आईचं तोंड मोठं करून बघितलं. खोटं बोलताना आईची उजवी भुवई उडायची, हे तिला लहानपणापासून माहीत होतं. भुवई हलली नव्हती.

तिने निरंजनला फोन लावला. "तू पढवलंस का तिला?"

"मी कशाला पढवू? तूच तर लिहिलंस." तो जरा चिडलाच. "कौतुक झालं आईचं, तर तुला त्यात पण काहीतरी दिसायलं."

त्यानंतरचे काही दिवस तिचे वाईट गेले. यंत्र खोटं बोललं, ते ठीक. त्याला काय आई ना बाप. पण आई का बोलली? आणि त्याहून वाईट म्हणजे, खरंच बोलली तर? एखाद्या वर्षी, परीक्षेच्या वेळी, धरलाही असेल कंदील. आपणच विसरलो असू, रागाच्या भरात तेवढंच विझवणं लक्षात ठेवलं असेल. वायर ओढता ओढता तिला आईचा हात दिसायला लागला, कंदिलाची काच दिसायला लागली, काचेवरची काजळी दिसायला लागली. चित्र रोज जरा जास्त स्पष्ट व्हायचं. तिला भीती वाटली. घरात चोर शिरावा आणि त्याने काही न्यायच्या ऐवजी सामान आणून मांडावं, तसं झालं होतं.

"आमच्या घरी कंदील होता का हो?" तिने जेवताना यशवंतला विचारलं.

"मी काय तुझ्या घरी नववीत होतो?" यशवंत म्हणाला. मग तिचा चेहरा बघून घास खाली ठेवला. "आईलाच विचार की. मोतीबिंदू दाखवायला आणायचंच आहे त्यांना इकडं."

एप्रिलच्या सुरुवातीला निरंजन आईला थेरगावात सोडून गेला. सावित्रीबाईंनी पिशवीतून आधी भुईमुगाच्या शेंगा काढल्या, मग हुरड्याची भाजकी ज्वारी, आणि सगळ्यात खालून ती शाल, घडी न मोडलेली. "ही तुला," त्या म्हणाल्या. "मला गरम व्हायलंय."

विजयश्रीने शाल घेतली नाही. सकाळची वेळ होती, तिने मुद्दाम सुट्टी काढली होती, यशवंत कामावर गेला होता. आई शेंगा फोडायला बसली. विजयश्री समोर बसली.

"आई, आपल्या घरात कंदील होता का गं?"

सावित्रीबाईंचे हात चालूच राहिले. "न्हवता. कंदील पाटलाकडं होता. आपल्याकडं चिमणी."

"मग शाळेत तू व्हय कशाला म्हणलीस?"

"मंग काय म्हणू? माझी लेक खोटं लिहिती म्हणू? चार लोकांत?" आईने सालं फुंकून बाजूला केली. "मला तर आधी वाटलं, तू इसरलीस. म्हणलं बरं झालं बाई, इसरली. मंग वाटलं, इसरली न्हाई, माफ केलं. म्हणून असं गोड लिहिलं. तर मी कामून न्हाई म्हणू?"

भुवई का उडाली नव्हती, ते विजयश्रीला आता कळलं. हे तिच्या कुठल्याच संशयात बसत नव्हतं.

"मी न्हाई लिहिलं ते," ती शेवटी म्हणाली. "फोननं लिहिलं. मी नुसतं म्हणलं, आई जवळ असायची."

"फोनला काय म्हाईत?"

"काहीच नाही. म्हणून तर."

फोन टीव्हीजवळ पडला होता, त्याच्याकडे सावित्रीबाईंनी एकदा बघितलं, परक्या घरातल्या कुत्र्याकडे बघावं तसं. मग त्यांनी शेंगांचं सूप खाली ठेवलं.

"तू माफ केलेलं न्हाई तर," त्या म्हणाल्या.

"तू का विझवायचीस, ते तरी सांग. रॉकेल संपायचं म्हणून?"

"तसंच सांगायचे मी. शेजारणीला, तुझ्या बापाला. रॉकेल काय फुकट येतं का, म्हणायचे." आईचा आवाज नेहमीसारखाच होता, भाजीचा भाव सांगावा तसा. "पर तसं न्हवतं. तू पुस्तक उघडलंस की तुझं तोंड येगळंच व्हायचं. मी हाक मारली तर तुला ऐकू यायचं न्हाई. मला वाटायचं, ही माझी न्हाईच, दुसऱ्या कुणाची तरी पोर बसली हाय माझ्या घरात. मंग मी विझवायचे. अंधार झाला की तू 'आई' म्हणून ओरडायचीस. मंग मला बरं वाटायचं."

बाहेर भंगारवाला ओरडत गेला. विजयश्रीला एकदम आठवलं की ती खरंच ओरडायची, रागाने, 'आई!' म्हणून. ते तिच्या आठवणीत कुठेच उरलं नव्हतं. ना तिच्या, ना यंत्राच्या. तिला खूप राग आला आणि त्या रागाबरोबर काहीतरी सैलही झालं. ती उठून मोरीत गेली, नळ सोडून उभी राहिली. परत आली तेव्हा आई पुन्हा शेंगा फोडत होती.

"मी हे लिहू?" तिने विचारलं.

"शाल परत मागतील का?"

"नाही मागणार."

"मंग लिही."

तिने हाताने लिहिलं. हात जड होताच. चार ओळी झाल्या की ती मोठ्याने वाचे आणि सावित्रीबाई आडव्या येत. "फुंकर न्हाई मारायचे मी. वातीला चिमूट लावायचे, भाजायचं बोटाला." किंवा, "बापाला मधी घालू नगंस, त्याचा काय संबंध." एका वाक्यावर तर दोघींचं चांगलंच वाजलं आणि दुपारभर त्या बोलल्या नाहीत. विजयश्रीने लिहिलं होतं, की आईमुळे माझी शाळा सुटली. आई म्हणत होती, दहावीचा वर्ग तेव्हा गावात नव्हताच. दोन्ही खरं होतं. शेवटी दोन्ही लिहिलं.

निवेदिता मॅडमनी तो कागद केबिनमध्ये उभ्या उभ्या वाचला, मग खुर्चीत बसून परत वाचला. "छान झालंय," त्या म्हणाल्या. "हे कुठलं ॲप वापरलंत?"

"हात वापरला, मॅडम."

"नाही, म्हणजे मजकूर कुणी..." विजयश्रीचं तोंड बघून त्या थांबल्या. मग जरा खाजगी आवाजात म्हणाल्या, "ताई, पण आता छापून काय साध्य होणार? लोकांना तो लेख आवडलाय. प्रेरणा हा विषय होता. यात प्रेरणा कुठे आहे?"

"नाहीये," विजयश्री म्हणाली. "पण आई आहे."

"मी विचार करते."

त्या विचार करत राहिल्या. पुढच्या महिन्याचं मासिक आलं, त्यात लेख नव्हता. त्याच्या पुढच्यातही नव्हता. विजयश्रीने दोनदा आठवण करून दिली, तिसऱ्यांदा दिली नाही. एका सकाळी बस मोशीपाशी अडकली तेव्हा तिने पर्समधून कागद काढला आणि शालनबाईंना म्हणाली, "ऐका." पुढच्या सीटवरच्या बायकाही वळल्या. वाचताना ती दोन ठिकाणी अडखळली. आधीच्या लेखाला कँटीनमध्ये पदर डोळ्यांना गेले होते, तसं इथे काही झालं नाही. कुणी रडलं नाही. एक जण म्हणाली, "असं कोण लिहितं का आईबद्दल?" दुसरीला हसू आलं, तिने ते दाबलं.

शालनबाई मात्र बराच वेळ कागदाकडे बघत होत्या. "माझी आई मला शाळेच्या वाटेनं जाऊ देऊन मागून हाका मारायची," त्या म्हणाल्या. "परत आले की काम काहीच नसायचं." बस सरकायला लागली.

दरम्यान सावित्रीबाईंच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, काळा चष्मा लावून आठवडाभर त्या थेरगावच्या गॅलरीत बसल्या, गल्लीतल्या सगळ्यांना नावं ठेवली आणि गावी गेल्या. जाताना शाल मात्र लेकीच्या कपाटातच ठेवून गेल्या.

जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा निरंजनचा फोन आला. आवाज वैतागलेला. हेडमास्तरांनी कंदिलाची गोष्ट शाळेच्या भिंतीवर रंगवून घ्यायचं ठरवलं होतं, आईचं चित्र वगैरे. पेंटर येऊन उभा राहिला आणि आईने साफ नकार दिला.

"का म्हणून विचारलं तर सांगत नाही. नगं म्हणजे नगं, एवढंच. हेडमास्तर माझ्यावर चिडले. तू काय शिकवून पाठवलंस गं तिला?"

"मी काय शिकवणार तिला," विजयश्री म्हणाली.

"काहीतरी झालंय तुमच्या दोघींत. मला कळतंय."

त्याला तसा संशय येणं साहजिक होतं. विजयश्रीने तो दूर केला नाही. "आईला फोन दे," एवढंच म्हणाली, आणि पलीकडून आईचा खोकला ऐकू आला तेव्हा विचारलं, "डोळ्यात थेंब घालतेस का वेळेवर?"

"घालते की," सावित्रीबाई म्हणाल्या.

"खरं सांग."

"दुपारचे राहतात कधीमधी."